वसमतचा पुडीचोर

माझ्या धंद्याला उभ्या आयुष्यात एकच कायमचं गिऱ्हाईक मिळालं, आणि त्याच्यावर फौजदारी करायला मी स्वतः एस.टी.नं वसमतला गेलो होतो. सोबत वडील होते, त्यांच्या हातात तक्रार अर्ज होता आणि माझ्या मांडीवर पुराव्याचं गाठोडं.

तेव्हा मी बी. कॉम. झालेलो होतो. (दोनदा झालो होतो. पहिल्यांदा विद्यापीठाला पटलं नाही.) आमचं घर मानवतला. कापसाचा आणि धान्याचा मोठा बाजार. गावातला प्रत्येक माणूस काही ना काही विकत होता, फक्त मीच ओट्यावर बसून पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती वाचत होतो. अशात परभणीला सुशिक्षित बेकारांसाठी तीन दिवसांचं शिबिर भरलं. जेवण फुकट होतं, म्हणून मी तिन्ही दिवस गेलो.

तिथं टाय बांधलेले एक गृहस्थ भाषणाला आले. एप्रिल महिन्यात परभणीत टाय बांधलेला माणूस दिसला की त्याच्यावर विश्वास ठेवावा की त्याला आधी पाणी पाजावं, हेच कळत नाही. मी विश्वास ठेवला.

ते म्हणाले, "गिऱ्हाईकाला एकदम मोठी वस्तू दाखवू नका, ते बिचकतं! आधी इवलीशी वस्तू द्या. फुकट द्या. ती आवडली की मधली घेईल. मधली आवडली की मोठी घेईल. मग तुम्ही दुकान बंद करून घरी गेलात तरी ते मागं मागं येईल!"

मी हे सगळं वहीत उतरून घेतलं. फक्त विकायचं काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मला घरी आल्यावर सुचलं. येसर!

येसर म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि धने-जिरे-खोबरं-दगडफूल असलं सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र दळायचं, आणि त्या पुडीची आमटी करायची. लग्नाच्या पंगतीत ती आमटी भातावर पडली की माणूस नवरा-नवरी विसरतो. आणि आमच्या मायच्या हातचं येसर तर असं, की लोक पत्रिका नसताना आमच्या घरच्या लग्नाला यायचे.

माझी योजना साधी होती. पेपरात दोन ओळींची जाहिरात द्यायची: 'गावापासून दूर आहात? येसराची आठवण येते? एक कार्ड टाका, नमुना पुडी मोफत मिळवा.' नमुना आवडला की मधली पुडी. ती आवडली की मोठा डबा, व्हीपीनं, म्हणजे पैसे पोस्टमनकडं भरून. पुण्या-मुंबईला मराठवाड्याची किती लेकरं मेसचं वरण पितायत! सगळी पायरी पायरीनं माझ्या डब्यापर्यंत चढून येणार!

मायला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ती मला लाटणं फेकून मारेल. तिनं एकच प्रश्न विचारला.

"त्ये पेपरातलं समद्या जिल्ह्यात जातंय का?"

"जिल्ह्यात? माय, समद्या महाराष्ट्रात जातंय!"

"आन् आपला पत्ता आसतोय का त्यात?"

"आसतोय की."

"मंग करते," ती म्हणाली आणि लगेच धने निवडायला बसली.

मला त्या वेळी वाटलं, माझ्या बोलण्यात जादू आहे.

इथं मला घरातल्या एका माणसाबद्दल सांगायला हवं, जे घरात नव्हतं. माझी थोरली बहीण, आक्का. बोरीला शाळेत मास्तरीण होती. तिथंच पाटबंधारे खात्यात नोकरीला असलेल्या प्रकाश वाघमारेंशी तिनं परभणीला जाऊन रजिस्टर लग्न केलं. प्रकाशराव झरीचे, बौद्ध घरातले. आम्ही नव्हतो. आणि वर्षं अशी होती की मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावागावात माणसं एकमेकांशी तोलून बोलत, आणि आपल्या चुलीपेक्षा दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय याचीच लोकांना काळजी जास्त.

आमचे वडील, आण्णा, निवृत्त पोस्टमास्तर. सारा जन्म टपालात गेल्यामुळं ते घरातही तसंच बोलायचे. "भाकरी रवाना करा." "ही भाजी खारट आहे, परत पाठवा." आक्का लग्न करून नवऱ्यासोबत पाया पडायला आली, तेव्हा ते उंबऱ्यात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "आजपासून या घरातून तुला कार्ड जाणार नाही. तुझं आलं तर घेतलं जाणार नाही."

दुसऱ्या बापानं जीव देईन, जीव घेईन असलं काहीतरी म्हटलं असतं. आण्णांनी टपाल बंद केलं. त्यांच्यापाशी याहून मोठी शिक्षा नव्हती.

आक्कानं नंतर तीन पत्रं पाठवली. तिन्हींवर आण्णांनी स्वतः 'घेण्यास नकार' असं लिहून ती परत केली. (अक्षर फार सुंदर होतं.) पुढं प्रकाशरावांची बदली झाल्याचं कानावर आलं. कुठं झाली, ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

आणि मी काय केलं? आक्का दारात उभी होती तेव्हा मी दारामागं चप्पल शोधत होतो. चप्पल माझ्या पायातच होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात येसराची आमटी झाली नव्हती. आक्काला ती लय आवडायची. वाटीला तोंड लावून प्यायची, आणि वर मायलाच शिकवायची, "दगडफूल कमी पडलं गं माय, तू लय कंजूष हायस!" दोघींचं त्यावरून दर खेपेला भांडण व्हायचं. आता भांडण नव्हतं, आमटी नव्हती, घर अगदी शांत होतं. असलं शांत घर देवानं कुणाला देऊ नये.

असो. धंद्याकडं वळू.

लेबलं छापायला मी गावातल्या छापखानेवाल्याकडं गेलो. तो वर्षभर लग्नपत्रिकाच छापायचा. त्यानं मला हजार लेबलं दिली. वर गणपती, मध्ये 'मातृकृपा येसर', आणि खाली, सवयीनं, 'कृपया आहेर आणू नये.'

"अहो, हे काय?" मी ओरडलो.

"ऱ्हाऊ द्या की," तो म्हणाला, "फुकट वस्तूवर शोभून दिसायलंय."

जाहिरात आली आणि कार्डं सुरू झाली. पहिल्या आठवड्यात नऊ, दुसऱ्यात तीस! आण्णांनी माझ्याकडं आयुष्यात पहिल्यांदा आदरानं बघितलं. एवढं टपाल येणारा मुलगा अगदीच वाया गेलेला नाही, असं त्यांना वाटलं असावं. ते स्वतः पाकिटांवर पत्ते घालू लागले. माय लोखंडी तव्यावर थोडं थोडं भाजायची, जात्यावर दळायची, पुडी बांधायची. दुपारी मी तिला कार्डं वाचून दाखवायचो, कारण तिला वाचता येत नव्हतं.

मग नमुने पोचल्यावरची उत्तरं यायला लागली, आणि तिथं माझ्या योजनेला पहिली चीर गेली.

भिवंडीहून एका यंत्रमाग कामगारानं लिहिलं: 'पुडी उघडली. वास आला. खोलीतले आम्ही सातहीजण गप्प बसलो. आमटी करायचा धीर होईना. पुडी देवापाशी ठेवली आहे. रोज संध्याकाळी वास घेतो. मोठ्या डब्याची गरज वाटत नाही.'

पुण्याच्या एका विद्यार्थ्यानं लिहिलं: 'नमुना मिळाला. घरची इतकी आठवण आली की शिक्षण सोडून सेलूला परत आलो आहे. आता घरीच येसर मिळते. आभारी आहे.'

माय डोळे पुसायची. मी कपाळ बडवायचो. इवलीशी पुडी खाऊन माणसं माझ्या डब्याकडं येण्याऐवजी आपापल्या गावाकडं निघाली होती!

तरी दोघा-तिघांनी डबा मागवलाच. आता डब्याएवढं येसर माय एकटी तव्यावर कुठवर भाजणार? म्हणून डब्याचं काम मी माझ्या हातात घेतलं. मोठ्या कढईत सगळं एकदम टाकलं, खोबऱ्याच्या जागी ज्वारी वाढवली, आणि गिरणीत नेऊन दळून आणलं. माझ्या आधी तिथं कुणाची तरी लाल मिरची दळली गेली होती, तो नफा वेगळाच.

डबा गेलेल्या एका ठाण्याच्या बाईंचं उत्तर मला आजही पाठ आहे: 'पुडीत आमटी होती. डब्यात पीठ आहे. पुन्हा डबा पाठवू नये. डब्याएवढी पुडी पाठवावी.'

आणि ह्याच सुमारास वसमत सुरू झालं.

पहिलं कार्ड कुण्या मारोती पैलवानाचं होतं. 'तालमीतल्या मुलांना ताकद येण्यासाठी येसर हवे. नमुना पाठवावा.' पत्ता: पिठाच्या गिरणीमार्फत, मोंढ्याजवळ, वसमत. पाठवला. मग त्याच गिरणीमार्फत एका वैद्यबुवांचं आलं: 'रुग्णांना अनुपान म्हणून द्यावयाचे आहे.' पाठवला. मग एका भजनी मंडळाचं आलं: 'सप्ताहाच्या पंगतीसाठी नमुना पाहावयाचा आहे.' पंगत! मी हुरळून चार पुड्या पाठवल्या. मग एक निवृत्त फौजदार. मग एक फोटोग्राफर. मग गंगाबाई नावाच्या एक आजीबाई.

गंगाबाईंचं कार्ड मी मायला वाचून दाखवलं: "'मागच्या पुडीत दगडफूल कमी पडलं. तेवढं वाढवावं. आमच्या सुनेला सातवा महिना लागला आहे. दुसरं काही पोटात ठरत नाही.' बघ की माय, काय लबाडी! पहिल्यांदाच मागवायलीय आन् 'मागच्या पुडीत' म्हणायलीय!"

मायचा जात्यावरचा हात थांबला.

"फिरून वाच."

मी फिरून वाचलं.

"दगडफूल कमी पडलं म्हणतीय?"

"म्हणतीय. फुकटचं खाऊन वर नाव ठेवतीय!"

"आन् सातवा लागला म्हणतीय."

"माय, ते सोड. त्या लबाडीचं बोल."

माय उठली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. त्या दिवशी वसमतची पुडी लाडवाएवढी झाली.

"माय, नमुना हाय तो!"

"नमुनाच हाय."

"एवढाला?"

"तुला काय कळायलंय नमुन्यातलं? बांध गुमान."

लबाडी पकडली ती आण्णांनी. एके दिवशी त्यांनी वसमतची सगळी कार्डं बाजेवर ओळीनं मांडली, चष्मा पुसला आणि मला हाक मारली.

"दिगंबर! इकडं ये. हा 'र' बघ. पैलवानाच्या 'र'ची शेपटी बघ. आता वैद्याची बघ. आता भजनी मंडळाची."

सगळ्या शेपट्या सारख्याच लांब होत्या. एकाच घराण्यातल्या माकडांच्या असाव्यात तशा.

"बारा कार्डं, बारा नावं, दोन रंगांची शाई, आणि हात एक!" आण्णांनी बाजेवर बोट आपटलं. "अरे, वसमतला घरोघर येसर आहे! तिथला माणूस पोस्टानं मागवतो म्हणजे काय? ही फसवणूक तुझी नाही, ही डाकसेवेची आहे!"

माझी फसवणूक झाली असती तर त्यांनी सोडून दिलं असतं. डाकसेवेची होती म्हटल्यावर त्यांनी फुलस्केप कागद काढला आणि पोलिसांना अर्ज लिहायला घेतला. 'सदर इसमाने खोटी नावे धारण करून...' (भजनी मंडळ 'इसमात' बसेना, म्हणून अर्जात त्यांनी अकराच धरली.) मीही पेटलो. डबा खपेना, योजना बुडाली, याचं खापर फोडायला मला एक डोकं हवंच होतं, आणि हे तर बारा नावांचं डोकं होतं!

तेवढ्यात माय चुलीपाशनं म्हणाली, "पोलिसात कशाला? आधी समोर जाऊन इचारा की त्याला. तुमी हाडाचं पोस्टमास्तर. तुमाला बघून गडी जागच्या जागी कबूल व्हईल."

हे आण्णांना पटलं.

"आन् पुरावा-सबूद लागंल," माय म्हणाली. "मी तसल्याच बारा पुड्यांचं गाठोडं बांधून देते. त्याच्या म्होरंच सोडा. हितं सोडू नका, सबूद बिघडतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी सफारी घातला होता, कारण मी मालक होतो. आण्णांच्या काखेत छत्री, हातात अर्ज. गाठोडं मात्र एवढं जड, की माझे पाय बधिर झाले. परभणीला गाडी बदलून वसमतची धरली, आणि जरा वेळानं सगळ्या गाडीत येसराचा वास पसरला. लोक मागं वळून वळून बघायला लागले. कंडक्टर तिकिटं सोडून आमच्यापाशी आला आणि डोळे मिटून उभा राहिला.

"काका, लग्नाला चाललाव का? कुणाचं लगीन?"

"फौजदारी आहे," आण्णा म्हणाले.

वसमतला धान्याच्या मोंढ्याजवळची गिरणी लगेच सापडली. गिरणीवाला पांढराशुभ्र झालेला होता, त्याच्या फक्त डोळ्यांना रंग होता.

मी आवाज चढवून विचारलं, "इथं मारोती पैलवान कोण? वैद्य कोण? फौजदार कोण?"

"म्हंजी तुमीच का ते पुडीवाले?" तो हरखला. "या की! अवो, ते समदे एकच हायेत! त्या निळ्या दारात ऱ्हातेत. रोज सायकल थांबवून मला इचारतेत, 'आली का पुडी, आली का पुडी?' मी तर म्हनलं, गडी नशापानी तर करीना!"

आता संशयाला जागाच नव्हती. आण्णांनी टोपी नीट केली. मी निळ्या दारापुढं उभा राहिलो, आणि रात्रभर पाठ केलेलं भाषण दार उघडायच्या आतच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सुरू केलं.

"ओ पुडीचोर! बाहेर या! बारा नावं लावून गरीब उद्योजकाला लुटता? लाज वाटत नाही? मालक आलाय दारात!"

दार उघडलं. आक्का होती.

अंगानं वाळलेली, पोट पुढं आलेलं, एका हातानं चौकट धरलेली. तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या सफारीकडं बघितलं.

"दिग्या," ती म्हणाली, "पुडीचोर मीच हाय. धर."

मग तिला माझ्यामागं उभे असलेले आण्णा दिसले, आणि तिचं हसू तोंडावरच अडकलं.

 मी गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. आण्णांच्या हातात अर्ज होता. अडीच वर्षांत लेकीशी बोलायला त्यांनी एकही वाक्य तयार केलेलं नव्हतं, लिहिलेलं होतं ते एवढंच. त्यांनी कागद उघडला आणि खरंच वाचायला सुरुवात केली!

"सदर इसमाने... खोटी नावे धारण करून... एकूण अकरा वेळा..."

"बारा, आण्णा," आक्का हळूच म्हणाली. "भजनी मंडळ धरून बारा."

आण्णांनी खिशातून पेन काढलं आणि अकराचं बारा केलं. 

आतून प्रकाशराव आले. अंगात बनियन, हातात कसलीशी फाईल. आम्हाला बघून ते थबकले, मग शांतपणे पुढं येऊन आक्काच्या शेजारी उभे राहिले.

"हस्ताक्षर माझं आहे," ते म्हणाले. "तिला डोहाळे लागले. दुसरं काही जाईना. तिच्या नावाचं पत्र तुम्ही घेणार नाही, माझ्या नावाचं तर नाहीच. मग पैलवानाच्या नावानं लिहिलं. लग्न केलं त्याची माफी मी मागणार नाही. पुड्यांची मागतो."

"मोठा डबा मागवायचा ना, सरळ!" मला राहवलं नाही. एवढ्या मोठ्या प्रसंगात मला सुचलं ते हे.

"मागवला होता," आक्का म्हणाली. "फोटोग्राफरच्या नावानं. त्यात तू होतास रे. मला माय पायजे होती."

आत स्वयंपाकघरातून एक म्हातारी पदर खोचत बाहेर आली. प्रकाशरावांची आई. तीच खरी गंगाबाई. बारा नावांत तेवढं एकच नाव अस्सल निघालं.

"लेकीच्या घरी आलाव का पोलिसाच्या?" तिनं आण्णांनाच सुनावलं. "दारात हुबं ऱ्हाऊन काय वाचायलाव? आन् मी बी येसर करते की! झरीचं येसर काय वाईट आसतंय? घागरभर करून ठिवलंय! पर ह्या पोरीला आईच्याच हातचं लागतंय. मी सासू आसून लेकाला म्हनलं, लिही बाबा कार्ड, माझ्या नावानं लिही. या आत."

तिनं तांब्या भरून आणला आणि आण्णांपुढं धरला. मी बघत राहिलो. गल्लीतले लोकही बघत होते, कारण त्यांना मीच ओरडून गोळा केलं होतं.

आण्णांनी छत्री भिंतीला टेकवली, तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात सगळं पाणी प्यायले. मग प्रकाशरावांकडं वळले.

"'र'ची शेपटी," ते म्हणाले, "तुम्ही फार लांब काढता. पोस्टात वाचायला त्रास होतो."

"आखूड करतो," प्रकाशराव म्हणाले.

मग आण्णांना पुरावा आठवला. "गाठोडं सोड," ते मला म्हणाले. मी गाठ सोडली.

वर येसर होतं. बारा पुड्या नव्हे, शेरभर, सबंध पिशवी. त्याखाली हिरवं लुगडं. हिरव्या बांगड्या, जुन्या वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेल्या. नारळ. डिंकाचे लाडू. आणि सगळ्यात खाली आण्णांच्या जुन्या धोतराची, चार पदरी शिवलेली इवलीशी दुपटी. एक नव्हे, सहा! एवढी शिवायला महिना तरी लागला असणार, आणि ती शिवताना आम्ही दोघं तिच्यासमोर बसून 'र'च्या शेपट्या मोजत होतो.

आण्णांनी एक दुपटं उचललं. आपलं धोतर ओळखलं.

"हा पुरावा?" ते म्हणाले आणि मटकन खाटेवर बसले.

आक्का तिथंच जमिनीवर बसली आणि लुगड्यात तोंड खुपसून रडायला लागली. लहानपणी पडली की रडायची, तसं मोठ्यानं. गंगाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड माय, रड. पर येसर भिजवू नगंस."

दुपारी त्या घरात येसराची आमटी झाली. फोडणीचा आवाज आला, वास सुटला, आणि आण्णा पाटावर येऊन बसले. अडीच वर्षांनी ती आमटी त्यांच्या वाटीत पडत होती. त्यांनी भात नुसता कालवला. मग वाटीला तोंड लावलं, आक्का लावायची तसं. मी मान खाली घालून जेवत होतो. माझ्या पानात काहीतरी पडलं, ते आमटीचं नव्हतं.

जेवताना प्रकाशरावांनी मला विचारलं, "धंदा कसा चाललाय?"

"गिऱ्हाईक मिळेना," मी म्हणालो.

"एक कमी होणार आता," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

दिवस मावळायच्या आत आम्ही मानवतला परतलो. माय ओट्यावर उभीच होती. आण्णांनी चपला काढल्या, टोपी खुंटीला लावली आणि चौकशी अहवाल दिला.

"तक्रारीत तथ्य आढळलं. सदर इसम जागेवर मिळाला. तब्येत ठीक आहे. बाळंतपणाला इथं यायचं पत्र मी उद्या स्वतः टाकतोय."

"आन् आमटी?" मायनं विचारलं.

आण्णांनी चष्मा काढून पुसला.

"दगडफूल बरोबर होतं," ते म्हणाले.

लोकांनी बोलायचं तेवढं बोलून घेतलं. काहीजण आमच्या घरी चहाला यायचे थांबले, त्यामुळं साखर वाचली. आक्का बाळंतपणाला आली, मुलगी झाली, आणि मायला येसर भाजायला फुरसत उरली नाही. नमुने बंद पडले, मातृकृपा बुडाली. उरलेली आठशे लेबलं मी घरातल्या डब्यांवर चिकटवली. पुढं कित्येक वर्षं आमच्या पाहुण्यांना तिखटा-मिठाच्या डब्यांवर 'कृपया आहेर आणू नये' वाचावं लागत होतं. मी कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी धरली आणि तिथूनच निवृत्त झालो.

आता आण्णा नाहीत, माय नाही. तिनं कशात काय किती घालायचं, हे कधी सांगितलंच नाही, विचारलं की म्हणायची, "वास आला की कळतंय." आक्का करते, बायको करते, मीही कितीदा करून बघितलं. तव्यावर, थोडं थोडं, वेगवेगळं भाजून. बरं होतं. कुणी नाव ठेवणार नाही. पण कधी कुणाच्या लग्नाच्या मांडवाबाहेरून जाताना मोठ्या पातेल्यातनं तो वास येतो आणि मी रस्त्यातच उभा राहतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला आमंत्रण नाही.

माझी ती भाची आज पुण्यात असते. ती ऑनलाइन मसाले विकते. आधी छोटी ट्रायल पाकिटं देते, मग मोठी. परवा तिचा फोन आला, "मामा, तुम्ही या लाइनमधले जुने जाणकार. तुमचा अनुभव मला लिहून पाठवा ना." मी हुरळलो. तीन रात्री जागून, मुद्दे घालून, चांगली आठ पानं लिहिली आणि रजिस्टर पोस्टानं धाडली. गेल्या महिन्यात पुण्याला गेलो तर काय, तिनं ती आठही पानं फ्रेम करून ऑफिसात लावलेली! माझा ऊर भरून आला. चष्मा लावून जवळ गेलो. वर मोठ्या अक्षरांत मथळा दिलेला होता: 'काय करू नये.'